भूलबाई

तोंडावर मॅडम आणि पाठीमागे भूलबाई. आमच्या हॉस्पिटलात त्यांना सगळे असंच म्हणायचे. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या बाई म्हणून भूलबाई, एवढाच त्याचा अर्थ. हे नाव त्यांच्या कानावर पहिल्याच महिन्यात गेलं. थिएटरच्या दारात एक वॉर्डबॉय दुसऱ्याला सांगत होता, "भूलबाई आल्या, पेशंट घे," आणि त्या नेमक्या त्याच्या मागे उभ्या. वळून बघितल्यावर त्याची पाचावर धारण बसली. त्या शांतपणे म्हणाल्या, "आल्या आहेत खऱ्या. घ्या पेशंट."

मी त्या थिएटरची सिस्टर. त्या आल्या तेव्हा मला तिथे सहा वर्षं झाली होती, म्हणजे मी स्वतःला तिथली मालकीण समजत होते. नवीन डॉक्टर आला की पहिले चार दिवस मी त्याला पाण्यात पाहायची. यांचं तसं करता आलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, या मशीनची कुठली खोड फक्त तुम्हाला माहीत आहे?" मशीनला खरंच एक खोड होती. डावीकडची नळी हलकी दाबून धरली नाही तर ती सुटायची, आणि ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

भूल देणाऱ्याचं काम विचित्र. पेशंट जागा असतो तेव्हा घाबरलेला असतो आणि शांत होतो तेव्हा झोपलेला असतो. बरा होऊन घरी जाताना तो सर्जनच्या पाया पडतो, फुलं सर्जनला, पेढे सर्जनला. तीन तास ज्या माणसाने त्याचा श्वास हातात धरला होता, त्याचा चेहरासुद्धा त्याला आठवत नाही. मी एकदा म्हटलं, "मॅडम, तुम्हाला वाईट नाही वाटत?" तर म्हणाल्या, "माझी आठवण राहिली म्हणजे माझं काहीतरी चुकलं, सिस्टर."

त्यांची एक पद्धत होती. इतर डॉक्टर पेशंटला आकडे मोजायला लावायचे. या विचारायच्या, "इथून तुमच्या घरी कसं जायचं? मला रस्ता सांगा." पेशंट सांगायला लागायचा. गेटातून बाहेर पडलं की उजवीकडे, मग पूल, मग शाळा, शाळेच्या पुढे चपलांचं दुकान. चपलांच्या दुकानाच्या पुढे सहसा कुणी जायचं नाही.

घरी त्यांचे यजमान, एक मुलगी आणि सासूबाई. यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, स्वभावाने इतके गरीब की वर्गातली पोरं त्यांनाच धीर द्यायची. घराचा गाडा खरा चालायचा तो सासूबाईंवर. सासूबाई ठेंगण्या, काटक आणि तिखट. सुनेचं कौतुक त्यांनी तोंडावर कधी केलं नाही. पण सून ड्यूटीवर निघाली की दारात उभ्या राहून शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "जेवायला वाट बघणार नाही हं, तुझं काय, तू एकदा आत गेलीस की तिथलीच." शेजारीण म्हणायची, "किती काम असतं हो तिला." मग सासूबाई अर्धा तास तेच सांगत बसायच्या.

थिएटरमध्ये राज्य होतं मोठ्या सरांचं. सर आमचे मुख्य सर्जन, हाताला विलक्षण गुण. पोट उघडून बंद करायचे तर जणू कुणी पत्र वाचून परत पाकिटात घातलं. पण वेळेचं म्हणाल तर आनंद. लिस्ट कागदावर सकाळी आठची. सर यायचे साडेनऊला, पावणेदहाला. एकदा आले की भराभर कामं उरकायचे, त्यामुळे त्यांचे पेशंट होऊन जायचे. त्यांच्यानंतर त्याच टेबलावर हाडांच्या डॉक्टरांची ऑपरेशनं असायची, आणि त्यांची पाळी येईपर्यंत दुपार टळून जायची. मग आम्ही वॉर्डात निरोप धाडायचो, आजचं रद्द, उद्या नक्की. ते पेशंट आदल्या रात्री बारापासून उपाशी. पाण्याचा थेंब नाही. तीन वाजता त्यांना सांगायचं, आता जेवा, आणि रात्री बारापासून परत उपाशी राहा.

खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. सगळीकडे असंच चालतं असं मी धरून चालले होते.

मॅडमना तेरा वर्षं झाली तेव्हा जुने सुपरिंटेंडंट निवृत्त झाले. सुपरिंटेंडंट म्हणजे हॉस्पिटलचा कारभारी, सगळे विभाग त्याच्या हाताखाली. मी म्हटलं, मॅडम, अर्ज करा. मेट्रन म्हणाल्या, करा. शेवटी त्यांनी केला. मुलाखतीला संस्थेचे पाच विश्वस्त बसले होते. मॅडम दुपारी परत आल्या त्या सरळ कपडे बदलायच्या खोलीत गेल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, म्हणून मी आत गेले. त्या बाकावर बसल्या होत्या, एका पायात थिएटरची चप्पल, दुसरी हातात.

"काय झालं, मॅडम?"

"त्यांनी विचारलं, तुम्ही लोकांना झोपवणाऱ्या, हॉस्पिटल जागं कसं ठेवणार? सगळे हसले."

"मग?"

"मीपण हसले, सिस्टर." त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली. "त्यानंतर विचारलं, घर कोण बघणार. त्यालाही हसून उत्तर दिलं. मग म्हणाले, तुमच्याकडे प्रशासनाचं शिक्षण नाही. राग त्यांचा येत नाहीये. मी हसले, त्याची लाज वाटतेय."

एवढं बोलून त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि अडीचच्या केसला उभ्या राहिल्या.

जागा मिळाली त्वचेच्या डॉक्टरांना. मॅडमपेक्षा सात वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही, पण प्रशासनाचं शिक्षण त्यांच्याकडेही नव्हतं. घरी ही बातमी सांगितल्यावर यजमान नुसतेच हळहळले. सासूबाई म्हणाल्या, "तू हसलीस ना, म्हणून त्यांना वाटलं तुला चालतं. शिक्षण नाही म्हणाले ना? मग शीक. मुलीचा अभ्यास तू घेऊ नकोस, तो तिचा बाप घेईल. तसाही तो रिकामाच असतो." यजमान बिचारे तिथेच बसलेले होते. त्यांनी मान डोलावली.

आणि सत्तेचाळीसाव्या वर्षी आमच्या भूलबाई परत विद्यार्थिनी झाल्या. हॉस्पिटल प्रशासनाचा दोन वर्षांचा अभ्यास, पत्राने धडे, आणि वर्षातून एकदा परगावी जाऊन परीक्षा. दोन केसेसच्या मधल्या वेळात त्या पुस्तक उघडायच्या. मी चिडवायचे, "मॅडम, नापास झालात तर कोण रागावणार?" "सासूबाई," त्या मान वर न करता म्हणायच्या.

शेवटच्या परीक्षेला त्या चार दिवस बाहेर होत्या. त्या निघाल्या त्याच दिवशी, सोमवारी, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. यजमानांनी त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. बाईंनी मुलाला दम भरला, "तिला फोन केलास तर याद राख. आणि इथे कुणाला सांगायचं नाही मी कोण ते. सांगितलंस की तासाभरात तिच्यापर्यंत पोचेल, आणि ती पेपर टाकून पळत येईल." यजमान आईच्या शब्दाबाहेर नव्हते. बाई जनरल वॉर्डात दाखल झाल्या. मनगटात धातूची पट्टी बसवायची होती, हाडांच्या लिस्टवर नंबर लागला पाचवा.

मंगळवारी उपाशी. दुपारी तीनला निरोप, उद्या नक्की. बुधवारी उपाशी. परत तेच. गुरुवारीही तेच. मी थिएटरमध्ये होते. माझ्यासमोरच्या कागदावर रोज लिहिलेलं असायचं, पाच नंबर, स्त्री, वय एकाहत्तर, मनगट. रोज दुपारी मी स्वतःच्या हाताने त्यावर काट मारली. ज्यांच्या घरी मी कितीदा जेवले होते त्या बाई वरच्या मजल्यावर आहेत, हे मला ठाऊक नव्हतं, कारण त्या थिएटरच्या दारापर्यंत पोचल्याच नाहीत.

शुक्रवारी सकाळी मॅडम परत आल्या आणि घरी कुणी नाही म्हणून हॉस्पिटलात. वॉर्डातल्या सिस्टरने मला नंतर सांगितलं, त्या खाटेजवळ गेल्या तेव्हा सासूबाई ओठांवरून ओला कापूस फिरवत होत्या. चौथा दिवस होता तो. सुनेला बघून त्यांनी आधी विचारलं, "पेपर कसे गेले?" मग म्हणाल्या, "माझं सोड. ही बघ, बाजूची. हिला साखरेचा आजार आहे, काल चक्कर येऊन पडली. तुम्ही माणसाला झोपवायच्या आधी उपाशी का मारता गं?"

मनगटाचं ऑपरेशन त्या दिवशी झालं. भूल दुसऱ्या डॉक्टरांनी दिली, घरच्या माणसाला आपण देत नाही. मॅडम बाहेर बाकावर बसून होत्या, इतर नातेवाईक बसतात तशा.

पुढचे पंधरा दिवस त्या कागदांत बुडालेल्या होत्या. वॉर्डांतून जुने कागद मागवायच्या, काहीतरी लिहून काढायच्या. मग एक दिवस थिएटर समितीच्या सगळ्या सभासदांना त्यांच्या सहीची चिठ्ठी गेली. समितीच्या चिटणीस त्याच होत्या, कारण ते काम कुणालाच नको होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, येत्या सोमवारी साफसफाईसाठी थिएटर बंद आहे, त्या दिवशी सकाळी साडेआठला बैठक. सर्व सभासदांनी आदल्या रात्री बारापासून काहीही खाऊ-पिऊ नये, पाणीसुद्धा नाही.

सगळ्यांना वाटलं रक्ततपासणी असणार. कुणी विचारलं तर मॅडम म्हणायच्या, "बैठकीत सांगते." हाडांच्या डॉक्टरांना साखरेचा त्रास होता, त्यांना मात्र खोलीत गाठून सांगितलं, "सर, तुम्ही व्यवस्थित नाश्ता करून या. फक्त कुणाला बोलू नका." ते कशाला बोलतील. पंधरा वर्षं त्यांची लिस्ट दुपारी तीनला मोडत होती.

मला त्यांनी एक कागद दिला. त्यावर पाच-सहा वाक्यं होती. "सिस्टर, कुणीही काही विचारलं तर यातलंच वाक्य बोलायचं. पदरचं काही नाही." मी कागद वाचला. ती सगळी वाक्यं माझीच होती, वॉर्डातून फोन आला की मी ऐकवायची ती.

सोमवारी साडेआठला आठ डॉक्टर आले. मी त्यांना बैठकीच्या खोलीत न नेता थिएटरबाहेरच्या लाकडी बाकांवर बसवलं, जिथे पेशंट थांबतात. मोठ्या सरांना सकाळी सहा, सात आणि आठला चहा लागायचा. ते आधीच तापलेले होते. पावणेनऊला त्यांनी विचारलं, "कुठे आहेत मॅडम?"

मी म्हटलं, "येतच आहेत."

सव्वानऊला, "आणखी किती वेळ?"

"आधीची केस जरा लांबलीय."

"कसली केस? थिएटर बंद आहे ना?"

मी कागदावरचं पुढचं वाक्य म्हटलं, "आता तुमचाच नंबर."

दहा वाजले. कान-नाक-घशाचे डॉक्टर ओठांवरून जीभ फिरवायला लागले. साडेदहाला कुणीतरी म्हणालं, निदान घोटभर पाणी तरी द्या. मी म्हटलं, "पाणी प्यायलात तर आजचं रद्द होईल." हाडांचे डॉक्टर भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मॅडम त्या वेळी शेजारच्या सामानाच्या खोलीत स्टुलावर बसल्या होत्या. त्याही उपाशीच होत्या, पाण्यावाचून.

पावणेबाराला त्या बाहेर आल्या. सगळे उठले. त्या म्हणाल्या, "आजची बैठक रद्द झाली आहे. उद्या साडेआठला या. रात्री बारापासून उपाशी. उद्या नक्की."

मग मोठे सर पुढे आले. आवाज चढला नव्हता, पण चेहरा लाल. "हा काय पोरखेळ लावलाय तुम्ही? मी तीन तास इथे बसलोय."

"सव्वातीन तास, सर." मॅडमच्या हातात कागद होता, पण त्यांनी तो बघितला नाही. "गेल्या महिन्यात लिस्टवर पाच नंबरला एक बाई होत्या. एकाहत्तर वर्षांच्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोज पंधरा तास उपाशी ठेवून रोज परत पाठवल्या. त्यांना रोज हीच वाक्यं ऐकवली. गेल्या वर्षी असे तीनशे बारा जण होते."

"कोण होत्या या बाई? तक्रार केलीय का त्यांनी?"

"माझ्या सासूबाई. तक्रार केलेली नाही. त्या माझ्या कुणी नसत्या तरी तेवढ्याच उपाशी राहिल्या असत्या, सर."

सर तिथेच उभे राहिले. मी त्यांच्या हाताखाली एकवीस वर्षं काढली होती. त्यांना रागावताना शंभरदा पाहिलं होतं, पण खाली मान घातलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी बाकाकडे बघितलं, परत बसले आणि म्हणाले, "आधी मला पाणी द्या."

मॅडमनी स्वतः तांब्या आणला. सर दोन पेले प्यायले. मग म्हणाले, "आठला पेशंट टेबलावर पाहिजे, हेच ना? मी पावणेआठला येतो. पण मी आलो आणि तुमची माणसं तयार नसली तर?"

"तर दारावरच्या फळ्यावर आमचं नाव लिहा. तुम्हाला उशीर झाला तर मी तुमचं लिहीन."

फळा मॅडमच्या यजमानांनी रंगवून दिला. पेशंट किती वाजता आला, भूल किती वाजता, सर्जन किती वाजता, असे रकाने, अक्षर असं की बघत राहावं. पहिल्या आठवड्यात सरांचं नाव दोनदा लागलं. दुसऱ्या आठवड्यात एकदा माझं लागलं, आणि त्या दिवशी सर चहा पितापिता तीनदा फळ्यासमोरून गेले. त्यानंतर कुणाचंच फारसं लागलं नाही. दुपारच्या पेशंटांना सकाळी सहाला हलका नाश्ता मिळायला लागला. पाणी किती वेळ आधीपर्यंत चालतं ते मॅडमनी नवीन पुस्तकांतून दाखवून दिलं, तेव्हा पाण्यासाठी तळमळणंही थांबलं. वर्ष संपलं तेव्हा ऐनवेळी रद्द झालेली ऑपरेशनं होती चव्वेचाळीस.

आणि परीक्षा. त्या पहिल्या वर्गात पास झाल्या. निकाल सासूबाईंनी शेजारणीला सांगितला तो असा, "पास झाली एकदाची, आता तरी घरात पुस्तकांची अडगळ कमी होईल."

त्वचेच्या डॉक्टरांनी तीन वर्षांनी स्वतःच जागा सोडली. त्यांचा जीव त्यात रमत नव्हता. मॅडमनी परत अर्ज केला. परत पाच विश्वस्त, त्यातले तीन जुनेच. आणि त्यातल्या एका गृहस्थांनी खरोखर तोच विनोद परत केला, झोपवणाऱ्या बाई हॉस्पिटल जागं कसं ठेवणार. त्यांना आठवतही नसेल की आपण तो आधी केलाय. मॅडम मला म्हणाल्या, "मी थांबले. सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबले. पूर्ण शांत झाल्यावर म्हटलं, आता प्रश्न विचारा."

मग त्यांनी तीनशे बारा आणि चव्वेचाळीसचा कागद टेबलावर ठेवला. अर्धा तास त्या कागदावरच बोलणं झालं. घराचा विषय निघालाच नाही. निवड एकमताने झाली.

सुपरिंटेंडंटच्या खुर्चीत बसून त्यांनी पहिली सही केली ती एका कडीसाठी. महिला डॉक्टरांची विश्रांतीची खोली होती, तिच्या दाराला आतून कडीच नव्हती. किती वर्षं नव्हती ते कुणाला सांगता येत नव्हतं. रात्रभर जागलेल्या पोरी दाराला स्टूल लावून तासभर पडायच्या, आणि कुणी दार ढकललं की स्टूल घरंगळायचं. आधीच्या प्रत्येक सुपरिंटेंडंटकडे अर्ज गेला होता. दहा मिनिटांचं काम. सुतार कडी बसवून गेला तेव्हा आत चार डॉक्टर होत्या. त्यांनी ती एकेकीने लावून बघितली, काढून बघितली, परत लावली.

सोमवारची सकाळची बैठक त्यांनी पार उलटीपालटी केली. पूर्वी सुपरिंटेंडंट मधोमध बसून बोलायचे आणि बाकीचे डुलक्या काढायचे. मॅडमनी नियम केला की दर सोमवारी चाळिशीच्या आतला एक डॉक्टर पाळीपाळीने बैठक चालवेल. मधली खुर्ची त्याची. मॅडम स्वतः खिडकीपाशी बसणार. ज्येष्ठ मंडळींनी नाकं मुरडली. पाळी मुलींचीही यायची आणि मुलांचीही, पण मुलं खुर्चीत बसली की तिथलीच असल्यासारखी बसायची. मुली टोकावर बसायच्या. मॅडमनी ते कधी बोलून दाखवलं नाही, फक्त पाळी चुकू दिली नाही.

मुलांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टर होती. हुशार म्हणजे अतिहुशार, पण तोंडातून अक्षर निघायचं नाही. आम्ही तिला अबोली म्हणायचो. तिची पहिली पाळी आली तेव्हा ती खुर्चीत बसली आणि तिचा आवाजच बसला. तिने मॅडमकडे बघितलं. मॅडम मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती फक्त. मी थिएटरतर्फे तिथे बसले होते. एवढ्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा फोन वाजला आणि ते तिथेच बसून मोठ्याने बोलायला लागले. अबोली म्हणाली, "सर, फोन नंतर." इतकं हळू की ते सरांना ऐकूच गेलं नाही. मग तिने घसा खाकरला आणि परत म्हणाली. सरांनी फोन ठेवला. मॅडमनी खिडकीतून नजर हलवली नाही, पण हसू लपत नव्हतं.

दोन वर्षांनी अबोलीला मूल झालं. तीन महिन्यांनी ती राजीनामा घेऊन आली. तिची सासू आजारी, नवरा फिरतीच्या नोकरीवर, बाळ रात्रभर जागं. मी कसल्याशा सहीसाठी केबिनमध्येच होते. मॅडमनी कागद वाचला आणि परत दिला.

"माझ्याकडे राजीनामे ठेवायला जागा नाही. रजेचा अर्ज आण. किती पाहिजे?"

"मॅडम, रजेने काय होणार? मी पूर्ण वेळ येऊच शकत नाही."

"मग अर्धा वेळ ये. सकाळी आठ ते एक. पण नुसते पेशंट बघायचे नाहीत. मुलांचा नवीन वॉर्ड बांधायचाय, त्याचा आराखडा तू करायचास. ठेकेदाराशी तूच बोलायचं."

"ठेकेदाराशी?" ती घाबरूनच गेली.

"कान-नाक-घशाशी बोललीस ना? ठेकेदार त्याच्यापेक्षा सोपा."

वॉर्ड अबोलीने उभा केला. खिडक्या इतक्या खाली घेतल्या की खाटेवर झोपलेल्या पोराला बाहेरचं दिसावं. आईला रात्री झोपायला प्रत्येक खाटेशेजारी बाकडं, तेही आराखड्यातच. ठेकेदार जाताना मला म्हणाला, "बाई बोलत नाहीत, पण एक खिळा इकडचा तिकडे होऊ देत नाहीत."

याच काळात माझ्यावरही संक्रांत आली. मेट्रन निवृत्त व्हायच्या होत्या आणि मॅडम माझ्या मागे लागल्या. मी म्हटलं, मॅडम, मी थिएटरची बाई, मला दीडशे सिस्टर सांभाळता येणार नाहीत. त्या म्हणाल्या, "आठ डॉक्टर सव्वातीन तास बाकावर बसवून ठेवलेत तुम्ही, तेही पाण्यावाचून." मी अर्ज केला, मुलाखतीत जे माहीत होतं ते सांगितलं, माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाले, आणि मेट्रन झाले. पहिले सहा महिने पायात थिएटरचीच चप्पल घालायचे, सवय जाईना. पण काम जमलं. बऱ्यापैकी जमलं, मीच सांगते.

मॅडम सुपरिंटेंडंट होत्या नऊ वर्षं. त्या काळात त्यांच्या सोमवारच्या खुर्चीतून उठलेल्या चार मुली चार ठिकाणी विभागप्रमुख झाल्या, एक तर रक्तपेढीची संचालक. मग एक दिवस बातमी आली की संस्थेची जी एकूण अकरा हॉस्पिटलं आहेत त्यांच्यावर आता एकच मुख्य संचालक नेमायचा, आणि त्या जागेवर मॅडमना नेमलंय. अर्ज त्यांनी केलाच नव्हता. विश्वस्त स्वतः घरी गेले होते विचारायला. दार सासूबाईंनी उघडलं. ऐंशी ओलांडलेल्या, पण आवाज तसाच. विश्वस्तांनी कामाचं स्वरूप सांगितलं, प्रवास फार आहे म्हणाले, घरच्यांची अडचण तर होणार नाही ना, असंही जरा चाचरत विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "घरी मी आहे. तिला विचारा तिची काय अडचण आहे ती." आणि चहा टाकायला आत गेल्या. यजमान आईच्या मागोमाग कप काढायला.

आमच्या हॉस्पिटलची खुर्ची अबोलीला मिळाली. एकोणचाळीस वर्षांची, संस्थेतली सगळ्यांत तरुण सुपरिंटेंडंट. आता तिला अबोली म्हणणं शोभत नाही, म्हणून आम्ही मॅडम म्हणतो. पाठीमागे काय म्हणतो ते सांगणार नाही.

मॅडमचा शेवटचा दिवस सोमवार होता. भाषणं नकोत असं त्यांनी आधीच बजावलं होतं. तरी सकाळी पोर्चमध्ये सगळे जमलेच, लिफ्टवाल्यापासून विभागप्रमुखांपर्यंत. मोठे सरही आले, निवृत्त होऊन सात वर्षं झालेले, हातात काठी. कुणीतरी म्हणालं, सर, दोन शब्द बोला. ते नाही नाही म्हणाले आणि मग बोललेच. "इतकी वर्षं मी समजत होतो की ऑपरेशन मी करतो," ते म्हणाले. "मला फक्त कापता येत होतं. माणूस यांनी परत आणला, दर वेळी."

मॅडमनी सरांना नमस्कार केला, माझा हात हातात घेऊन क्षणभर तसाच धरला आणि गाडीत बसल्या. गाडी गेटातून उजवीकडे वळली. आम्ही जरा वेळ तिथेच रेंगाळलो असतो, पण नव्या मॅडमनी घड्याळ बघितलं. साडेआठची बैठक होती, पाळी हाडांच्या विभागातल्या नवीन मुलीची होती, आणि ती आधीच वर जाऊन मधल्या खुर्चीत बसली होती. आम्ही सगळे जिन्याकडे निघालो.